क्रूझ जहाजावर चढण्यापूर्वी : वेळ, चेक-इन आणि आपले आरोग्य

मुंबई, मुरगाव, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम या बंदरांतून क्रूझ जहाजाने प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी ही पत्रिका आहे. अशा सहलीची तयारी बहुधा महिनाभर आधी सुरू होते. कपडे, छायाचित्रे, कोणत्या बेटावर काय पाहावे, या सर्वांचा विचार होतो. टर्मिनलच्या दारापासून जहाजाच्या शिडीपर्यंतच्या तीन-चार तासांचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. प्रवाशाच्या आरोग्याच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे निर्णय याच तासांत होतात. ज्या घरात आजी-आजोबा, गर्भवती स्त्री, तान्हे मूल किंवा मधुमेह, रक्तदाब, दमा यांचा रुग्ण प्रवासास निघणार आहे, त्या घरातील एका व्यक्तीने तरी ही पत्रिका शेवटपर्यंत वाचावी.

तिकिटावरील तीन वेळा

क्रूझच्या तिकिटावर किंवा बोर्डिंग पासवर सामान्यतः तीन वेळा दिलेल्या असतात. पहिली, आपण टर्मिनलवर केव्हा यावे ती वेळ. दुसरी, चेक-इन केव्हा बंद होते ती वेळ. तिसरी, जहाज सुटण्याची वेळ. आपल्यापैकी बहुतेकांची नजर तिसरीवर खिळते आणि घरातून निघण्याचा हिशेब तीवरून मांडला जातो. येथेच पहिली चूक होते. चेक-इन बहुधा जहाज सुटण्याच्या किमान ६० ते ९० मिनिटे आधी बंद होते. काही ठिकाणी, विशेषतः परदेशी बंदरास जाणाऱ्या फेरीसाठी, ते त्याहूनही आधी बंद होते. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. आपल्या कागदावर छापलेली वेळच ग्राह्य मानावी.

दार इतके आधी का बंद होते, हे समजून घेतले तर नियमाचा राग येत नाही. जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक व्यक्तीची नावनिशीवार यादी अंतिम करून संबंधित अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणीही त्याआधीच पूर्ण व्हावी लागते. एकदा यादी बंद झाली की धक्क्यावर उभे राहून जहाज डोळ्यांसमोर दिसत असले तरी त्यावर चढता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट पकडलेल्या पिढीला हे जरा विचित्र वाटेल. हाक मारली की फळी काढणारा खलाशी क्षणभर थांबे, अशा आठवणी अनेक घरांत सांगितल्या जातात. आता तसा भरवसा धरू नये.

उशीर टाळावा म्हणून पहाटेच टर्मिनल गाठणे, हाही उपाय नव्हे. जहाज बहुधा त्याच दिवशी सकाळी आधीची फेरी संपवून बंदरात आलेले असते. जुने प्रवासी उतरतात, सामान उतरते, खोल्या, स्वच्छतागृहे, भोजनकक्ष यांची सफाई होते. ही सफाई केवळ टापटिपीसाठी नसते. मागील फेरीत कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील, तर नव्या प्रवाशांचे रक्षण याच काही तासांच्या कामावर अवलंबून असते. नेमून दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आलेले प्रवासी आत घेता येत नाहीत. मग बाहेर रांग वाढते, ज्येष्ठांना ताटकळत उभे राहावे लागते आणि मुले कंटाळून हाताला येईल ते खाऊ लागतात. वेळांचे टप्पे पाडण्याचा उद्देशच गर्दी विखुरणे हा आहे. आपला टप्पा दुपारी एकचा असेल तर एकलाच यावे. बारा वाजता आल्याने खोली लवकर मिळत नाही.

दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी मात्र हिशेब वेगळा मांडावा. नागपूर, इंदूर किंवा हैदराबादहून रात्रीच्या गाडीने निघून त्याच दुपारी मुंबईतून जहाज पकडण्याचा बेत कागदावर सोपा दिसतो. गाडीला दोन-तीन तासांचा उशीर ही काही दुर्मीळ घटना नाही. शिवाय रात्रभर झोप नाही, वारंवार स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलेले, सकाळची गोळी राहून गेलेली, अशा अवस्थेत माणूस दमट उन्हात रांगेत उभा राहतो. पासष्टीच्या पुढील व्यक्तीला चक्कर येण्यास इतके पुरेसे आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशी बंदराच्या शहरात पोहोचावे. एका रात्रीचा खोलीचा खर्च होतो, पण तो अवाजवी नाही, असे आमचे मत आहे.

चालताना त्रास होणाऱ्यांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी आरक्षण करतानाच नोंदवावी. ऐन वेळी खुर्ची मिळेलच असे नाही. संकोचाने 'चालेन मी हळूहळू' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे या बाबतीत ऐकू नये.

मोठी बॅग हातातून जाते, तेव्हा

विमानतळाप्रमाणे क्रूझ टर्मिनलवरही मोठे सामान दारातच सोपवावे लागते. फरक असा की, विमानातून उतरल्यावर बॅग पट्ट्यावर मिळते. येथे ती तपासणीनंतर जहाजावर चढवली जाते आणि कर्मचारी ती आपल्या केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. यास काही तास लागतात. दुपारी एकला दिलेली बॅग संध्याकाळी सातला, क्वचित त्याहूनही उशिरा हाती येते. मधल्या काळात ती उन्हात, गोदामात किंवा ढिगाच्या तळाशी असू शकते.

म्हणून औषधे मोठ्या बॅगेत ठेवू नयेत. एकही गोळी नको. संपूर्ण प्रवासाची औषधे, शिवाय तीन-चार दिवसांची जादा, मूळ वेष्टनात, खांद्यावरच्या पिशवीत असावीत. गोळ्या वेष्टनातून काढून एकाच डबीत ओतण्याची सवय घरी सोयीची असते. तपासणीच्या वेळी मात्र ती अडचणीची ठरते, कारण गोळी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी आणि तीत औषधाचे जेनेरिक नाव लिहून घ्यावे. आपल्याकडील ब्रँडचे नाव परदेशी बंदरातील डॉक्टरला ठाऊक नसते. ट्रामाडोल, कोडीन यांसारखी वेदनाशामके आणि काही झोपेच्या गोळ्या यांवर संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांत कडक निर्बंध आहेत. त्या दिशेने जाणारी फेरी असेल तर निघण्यापूर्वी चौकशी करावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. वापरात असलेले पेन किंवा बाटली उन्हापासून दूर, साधारण खोलीच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. ते थंड पिशवीत न्यावे, पण बर्फाच्या थेट संपर्कात ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. जहाजावर चढताच केबिनमधील फ्रिज खरोखर थंड होतो का, हे हात लावून पाहावे. कित्येक केबिनमधील फ्रिज पेये गार ठेवण्यापुरतेच असतात. शंका वाटल्यास जहाजावरील वैद्यकीय कक्षात इन्सुलिन ठेवण्याची विनंती करावी.

चेक-इनच्या रांगेत मधुमेही व्यक्तीला भेडसावणारा धोका बहुधा साखर वाढण्याचा नसतो, तो साखर एकाएकी उतरण्याचा असतो. सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, 'जहाजावर जेवण आहेच' म्हणून न्याहरी टाळली आणि रांग लांबली, तर दुपारपर्यंत घाम सुटणे, हात थरथरणे, जीव घाबराघुबरा होणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. आजूबाजूचे लोक याला ऊन लागले असे समजतात. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे न वाटल्यास तेवढेच पुन्हा द्यावे आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. टर्मिनलमधील वैद्यकीय मदत तत्काळ बोलवावी. हातातील पिशवीत राजगिऱ्याची वडी, बिस्किटे आणि ग्लुकोजची पुडी असणे हा या प्रवासातील सर्वांत स्वस्त विमा होय.

ज्यांना बोट लागते, त्यांनी गोळी जहाज हलू लागल्यावर घेण्यात फारसा अर्थ नाही. अशी बहुतेक औषधे जहाज सुटण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागतात. त्यांनी गुंगी येते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्या ज्येष्ठांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खरे सांगण्याची वेळ

चेक-इनच्या वेळी, किंवा त्याआधी मोबाइलवर, आरोग्यविषयक स्वयंघोषणापत्र भरावे लागते. गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, खोकला, उलट्या, जुलाब यांपैकी काही झाले का, असे त्यात विचारलेले असते. हा कागद प्रवासी डोळे मिटून 'नाही, नाही, नाही' असा भरतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच या भागावर थोडे थांबून लिहीत आहोत.

असा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आठ जणांचे कुटुंब आहे. आजोबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त सर्वांनी मिळून पैसे साठवले आहेत. आदल्या रात्री सहा वर्षांच्या नातीला तीनदा उलटी झाली, दोनदा जुलाब झाले. सकाळी ती हसते-खेळते आहे. आता कागदावर काय लिहावे? खरे लिहिले तर तिला अडवतील, कदाचित सर्वांचाच प्रवास हुकेल. खोटे लिहिले तर कोणाला कळणार आहे?

कळते, पण दोन दिवसांनी. अशा उलट्या-जुलाबांचे एक सामान्य कारण नोरोव्हायरस हा विषाणू आहे. शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत तो लक्षणे दाखवतो. आजार एक ते तीन दिवसांत ओसरतो, मात्र बरे वाटू लागल्यावरही पुढील काही दिवस रुग्णाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. अत्यंत थोडे विषाणूही दुसऱ्या माणसाला आजारी पाडण्यास पुरतात. जहाजावर जिन्याचा कठडा, लिफ्टचे बटण, भोजनकक्षातील वाढण्याचा डाव यांना शेकडो हात लागतात. नात तिसऱ्या दिवशी ठणठणीत असेल. तोवर ज्यांच्या वाढदिवसासाठी हा खटाटोप केला, त्या आजोबांना जुलाब सुरू झालेले असतील. रक्तदाबासाठी ते पाणी कमी करणारी गोळी घेत असतील, तर शरीरातील पाणी झपाट्याने घटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. किनारा तेव्हा काही तासांच्या अंतरावर असेल.

याच कारणाने प्रवासी आजारी असल्याचे सांगतो तेव्हा जहाजावरील डॉक्टर त्याला दरवेळी परत पाठवतातच असे नाही. तपासणी होते. कधी प्रवासास संमती मिळते, कधी एक-दोन दिवस केबिनमध्येच राहण्याच्या अटीवर चढू दिले जाते, कधी प्रवास पुढे ढकलावा लागतो. निर्णय कोणताही होवो, तो माहितीच्या आधारे होतो. उलट, दडवलेली गोष्ट नंतर उघड झाली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणून प्रवासविमा घेताना आजारपणामुळे ऐन वेळी रद्द झालेल्या प्रवासाची भरपाई त्यात आहे का, ही एक ओळ शोधून वाचावी. ती असेल तर खरे लिहिताना हात थरथरत नाही.

एका प्रवाशाच्या खोकल्यातून किती मोठा प्रसंग उद्भवू शकतो, हे २०२० मध्ये जगाने पाहिले. डायमंड प्रिन्सेस हे जहाज २० जानेवारीला जपानमधील योकोहामा येथून निघाले. त्यावर चढलेल्या एका प्रवाशाला आदल्या दिवसापासून खोकला होता. तो २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरला आणि १ फेब्रुवारीला त्याला कोविड असल्याचे निष्पन्न झाले. त्या प्रवाशाला दोष देता येणार नाही, कारण आजार नवा होता आणि त्याची लक्षणे कोणालाच नीट ठाऊक नव्हती. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७०० हून अधिक बाधित झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, बहुतेक जहाजाचे कर्मचारी. २७ फेब्रुवारीला विशेष विमानाने ११९ भारतीय मायदेशी परतले आणि त्यांना मानेसर येथे विलगीकरणात ठेवण्यात आले. स्वयंघोषणापत्रावरील 'खोकला' या शब्दासमोरील चौकट भरताना हे आकडे आठवावेत.

हात धुण्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. टर्मिनलवर आणि भोजनकक्षाच्या दाराशी सॅनिटायझर ठेवलेले असते. ते वापरावे, पण नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान वीस सेकंद हात धुणे, याला पर्याय नाही.

ज्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे

गर्भवती स्त्रियांबाबत बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम असा आहे की, प्रवासात कोणत्याही दिवशी गर्भ २४ आठवड्यांचा होत असेल तर प्रवेश मिळत नाही. हिशेब निघण्याच्या दिवसाचा करायचा नसून परतीच्या दिवसाचा करायचा असतो. बाविसाव्या आठवड्यात निघून पंधरा दिवसांच्या फेरीवर जाऊ पाहणाऱ्या स्त्रीला चेक-इनच्या टेबलावरून परतावे लागते, आणि तेथे रडून काही उपयोग होत नाही. त्याआधीच्या महिन्यांतही गर्भ किती आठवड्यांचा आहे आणि प्रवासास हरकत नाही, असे डॉक्टरांचे पत्र सोबत असावे. तान्ह्या बाळांसाठी किमान वय बहुधा सहा महिने असते. लांबच्या, सलग अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या फेऱ्यांसाठी एक वर्ष.

डायलिसिसची सोय सर्वसाधारण क्रूझ जहाजावर नसते. ऑक्सिजनचे सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर, झोपेत लावायचे सीपॅप यंत्र, इंजेक्शनच्या सुया यांची पूर्वसूचना कंपनीला लेखी द्यावी आणि मिळालेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी. ओळखपत्रावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः एकच आहे ना, हे त्याच वेळी तपासावे. लग्नानंतर बदललेल्या नावामुळे होणारा खोळंबा आजारी माणसाला सर्वाधिक जाचतो.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरप्रवण देशांत, उदाहरणार्थ केनिया किंवा ब्राझीलमध्ये, जाणारी फेरी असेल तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावर घेऊन तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र सोबत ठेवावे. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. आदल्या आठवड्यात घेतलेली लस म्हणून उपयोगी पडत नाही. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य आहे. वैध प्रमाणपत्राविना अशा देशातून भारतात परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. 

शिडी चढल्यावर

जहाजावर पाऊल ठेवताच भोजनकक्षाकडे वळण्याची घाई असते. त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. केबिनच्या दारामागे लावलेला नकाशा पाहून आपले मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमण्याची जागा, शोधावी आणि घरातील सर्वांनी तेथवर एकदा चालत जाऊन यावे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जील्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत तोवर झालेली नव्हती. ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. चेक-इनचे दार वेळेत बंद होण्यामागे हेही एक कारण आहे. कवायतीच्या वेळी गुडघेदुखीच्या रुग्णाने 'मी बसतो, तुम्ही जा' म्हणू नये. जिना उतरण्यास मदत लागेल, हे कर्मचाऱ्यांना समजण्याची ती योग्य वेळ असते.

दुसरी गोष्ट, वैद्यकीय कक्ष कोणत्या मजल्यावर आहे आणि केबिनमधील फोनवरून त्याचा क्रमांक कोणता, हे लिहून घ्यावे. तेथील उपचार बहुधा सशुल्क असतात. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागल्यास 'सकाळी पाहू' असे म्हणू नये, कारण सकाळपर्यंत जहाज किनाऱ्यापासून आणखी दूर गेलेले असते. तोच फोन लगेच झाला तर कप्तानाला वळण्याचा पर्याय उरतो. मोठी बॅग अद्याप आलेली नसेल. संध्याकाळची गोळी हातातल्या पिशवीतून काढून घ्यावी आणि मग जेवायला जावे.